गाडीच्या स्टिरिओत शिट्टी वाजते? पार्ट बदलण्याआधी हे करून बघा

(हा पॉडकास्टच्या या भागाचा लेखी मजकूर आहे. ऑडिओत जे आवाज वाजवून दाखवले, ते इथे कंसात शब्दांनी सांगितलेत.)

आजचा विषय एका व्हॉइस मेसेजमधून आला. सेलूकडचा आपला एक श्रोता आहे. सेकंडहँड गाडी घेतलीय आणि वर्ध्याहून नागपूर विमानतळाचं भाडं मारतो. त्याचा मेसेज जसाच्या तसा सांगतो: "भाऊ, गाडी चालू केली का स्टिरिओत शिट्टी वाजते. रेस देल्ली का शिट्टीबी चढते. मेकॅनिक म्हणते अल्टरनेटर बदला. बदलू का?"

अल्टरनेटर बदलायचा म्हणजे त्याची बऱ्याच दिवसांची कमाई जाणार. आणि बदलूनही शिट्टी तशीच राहिली तर? म्हणून आज ठरवलं की या एका प्रश्नावर अख्खा भाग करायचा. कारण गाडीच्या स्टिरिओतला नको असलेला आवाज आपला पत्ता स्वतःच सांगतो. तो कधी येतो, कशाने वाढतो आणि कशाने थांबतो, एवढं नीट ऐकलं की गोष्ट निम्मी उलगडते. पैसे खर्च करायची पाळी सगळ्यात शेवटी येते, आणि बऱ्याचदा येतच नाही.

आधी आवाज ओळखा

(ऑडिओत इथे पाच वेगवेगळे आवाज आहेत.)

पहिला, "ऊंऽऽईंऽऽ" अशी शिट्टी. इंजिनची रेस वाढली की सूर वर चढतो, रेस सोडली की खाली येतो. हा अल्टरनेटरकडून आलेला आवाज.

दुसरा, "टिक-टिक-टिक". हाही रेसबरोबर वेगात येतो, पण सूर नसतो, नुसते ठोके असतात. पेट्रोल गाडीत हा स्पार्क प्लगच्या ठिणग्यांचा आवाज असू शकतो. डिझेल इंजिनात स्पार्क प्लगच नसतो, त्यामुळे डिझेल गाडीवाल्यांनी हा संशय सरळ खोडून टाकावा.

तिसरा, एकसारखं "स्सऽऽ". इंजिन चालू असो की बंद, फरक पडत नाही. हा बहुतेक वेळा अ‍ॅम्प्लिफायरचा गेन गरजेपेक्षा जास्त चढवल्याचा आवाज असतो.

चौथा, "टप्प!" किंवा "कट्ट!". ब्रेक दाबला, हॉर्न वाजवला, काच वरखाली केली किंवा एसीचा कॉम्प्रेसर लागला की तेवढ्यापुरता येतो. कुठल्या बटणावर येतो ते लक्षात ठेवा, तीच दिशा.

पाचवा, "खर्रर्र". हा फक्त ठराविक गाण्यांत, बेस वाजला की येतो. यात विजेचा संबंध नसूही शकतो. दाराच्या पॅनलचा स्क्रू सैल असेल, नंबर प्लेट थरथरत असेल किंवा स्पीकरचा कागद फाटला असेल. पॅनलवर हाताने दाबून धरा. आवाज थांबला तर वायरिंग उघडायची गरज नाही.

आणि हो, समृद्धीसारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर टायरचा घोंगाट जास्त येतो. तो स्टिरिओच्या माथी मारू नका. सगळ्या तपासण्या गाडी उभी असताना, मोकळ्या जागी, हँडब्रेक ओढून करायच्या. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही, धूर जिवावर बेततो.

शिट्टी रेसबरोबर का चढते?

इथे थोडं गणित आहे, पण मजेदार आहे.

अल्टरनेटर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो आणि बॅटरी चार्ज करतो. त्याच्या आत जी वीज तयार होते ती एसी असते, म्हणजे दिशा बदलत राहणारी, आणि तीन फेजची असते. गाडीला मात्र डीसी लागते. म्हणून आतले डायोड तिला एका दिशेची करतात. पण ती तळ्यातल्या पाण्यासारखी सपाट होत नाही, तिच्यावर बारीक लाटा उरतात. प्रत्येक आवर्तनामागे सहा लाटा.

आता धरा, इंजिन आयडलवर ८०० आरपीएमने फिरतंय आणि पुलीमुळे अल्टरनेटर त्याच्या अडीचपट, म्हणजे २००० आरपीएमने फिरतोय. आत चुंबकाच्या सहा जोड्या असतील, तर सेकंदाला २०० आवर्तनं झाली. त्याला सहाने गुणलं की सेकंदाला १२०० लाटा. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो. म्हणजे या लाटा बरोबर आपल्या कानाच्या टापूत पडल्या! रेस देऊन इंजिन २४०० वर नेलं की लाटाही तिप्पट, ३६०० होतात. म्हणून सूर चढतो.

यातून महत्त्वाची गोष्ट कळते. या बारीक लाटा चांगल्या, धडधाकट अल्टरनेटरमध्येही असतात. शिट्टी ऐकू आली म्हणजे अल्टरनेटर बिघडला, असा अर्थ होत नाही. खरा प्रश्न असा विचारायचा, की या लाटा गाण्याच्या वायरीत शिरल्या कुठून?

चार प्रश्न, एकही पार्ट न घेता

सोबत कागद-पेन घ्या किंवा मोबाइलमध्ये नोट उघडा. दरवेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे फरक पडला ते कळणार नाही.

प्रश्न १: इंजिन बंद असताना येतो का? चावी फक्त अ‍ॅक्सेसरीपर्यंत फिरवा, स्टिरिओ लावा, गाणं पॉजवर ठेवा. आवाज नाही. मग इंजिन चालू करा. आता आला? म्हणजे तो चार्जिंगकडून किंवा इग्निशनकडून येतोय. इंजिन बंद असतानाही येत असेल तर स्टिरिओ, अ‍ॅम्प किंवा मोबाइलचा चार्जर यांच्याकडे बघा.

प्रश्न २: चार्जर काढला की जातो का? हा प्रश्न खास तुमच्यासाठी, म्हणजे जे मोबाइल ऑक्स वायरने जोडतात आणि त्याच वेळी सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून चार्जही करतात. चार्जरची पिन मोबाइलमधून काढा. शिट्टी गेली? झालं, गुन्हेगार सापडला. मग ऑक्स काढून ब्लूटूथवर गाणं लावा आणि चार्जर परत जोडा. ब्लूटूथवर शिट्टी आली नाही तर खात्रीच झाली.

प्रश्न ३: आवाजाचं बटण फिरवलं की शिट्टी कमी-जास्त होते का? व्हॉल्यूमबरोबर शिट्टीही वाढत असेल तर ती व्हॉल्यूमच्या आधी शिरतेय, म्हणजे मोबाइल, ऑक्स किंवा अँटेनाच्या बाजूने. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी शिट्टी तेवढीच राहत असेल तर ती व्हॉल्यूमच्या नंतर शिरतेय, म्हणजे अ‍ॅम्प, आरसीए वायर, स्पीकरच्या वायरी किंवा स्टिरिओचं स्वतःचं अर्थिंग. एका बटणात अर्धी गाडी तपासून होते!

प्रश्न ४: सोर्स बदलला की काय होतं? एफएम, पेनड्राइव्ह, ऑक्स, ब्लूटूथ, एकेक लावून बघा. फक्त एकाच सोर्सवर येत असेल तर दोष त्या सोर्सच्या वाटेवर आहे. सगळ्यांवर येत असेल तर सगळ्यांना सामायिक असलेल्या जागी आहे.

सगळ्या भानगडीचं मूळ: अर्थिंग

गाडीत बॅटरीची निगेटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असते. म्हणजे हेडलाइट असो की स्टिरिओ, करंट वायरीने जातो आणि गाडीच्या पत्र्यातून परत येतो. आपण समजतो की पत्रा म्हणजे सगळीकडे शून्य व्होल्ट. तसं नसतं. पत्र्याचे जोड, गंजलेला बोल्ट, रंगावर कसलेला नट, प्रत्येक ठिकाणी थोडा रेसिस्टन्स असतो. समजा एखाद्या जोडाला फक्त ०.०१ ओहम रेसिस्टन्स आहे आणि त्यातून २० अँपिअर करंट जातोय. तर त्या जोडाच्या दोन बाजूंत ०.२ व्होल्टचा फरक पडला. ऑक्स वायरीतून येणारं गाणंच मुळात साधारण अर्धा-एक व्होल्टचं असतं. त्यापुढे ०.२ व्होल्ट म्हणजे काय, विचार करा.

आता आपला मोबाइल घ्या. चार्जरची निगेटिव्ह लायटर सॉकेटपाशी बॉडीला मिळते. ऑक्सची निगेटिव्ह स्टिरिओमार्गे दुसऱ्याच जागी बॉडीला मिळते. दोन जागा, दोघांत बारीकसा फरक, आणि मधे मोबाइल. झाला गोल पूर्ण. याला ग्राउंड लूप म्हणतात. अल्टरनेटरच्या लाटा या गोलातून फिरतात आणि वाटेत गाण्याच्या वायरीत उतरतात. ब्लूटूथवर वायरच नाही, गोल तुटतो, म्हणून शिट्टी थांबते.

उपाय सोपे आहेत. ब्लूटूथ वापरा. नाहीतर गाडीच्या यूएसबी पोर्टमधूनच गाणी वाजवा, म्हणजे चार्जिंग आणि गाणं एकाच वायरीने होतं. ऑक्सच हवं असेल तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मिळते. तिच्यात दोन बारीक ट्रान्सफॉर्मर असतात, ते गाणं पुढे जाऊ देतात आणि वायरीचा थेट जोड तोडतात. स्वस्तातल्या डबीत बेस थोडा पातळ होतो, ते मान्य करून घ्यायचं. आणि ही डबी फक्त गाण्याच्या बारीक वायरीसाठी आहे, स्पीकरच्या किंवा बॅटरीच्या वायरीवर नाही.

डिक्कीत अ‍ॅम्प असेल तर

इथे जरा जपून. काम सुरू करण्याआधी स्टिरिओ बंद, चावी बाहेर.

अ‍ॅम्पमधून आरसीएच्या पिना काढा आणि मग चालू करून ऐका. शिट्टी तरीही आहे? मग ती अ‍ॅम्पच्या पॉवर किंवा अर्थिंगमधून येतेय. शिट्टी गेली? मग ती आरसीए वायर किंवा स्टिरिओकडून येतेय. याची खात्री करायला मोबाइलला चार्जर न लावता, ३.५ एमएम ते आरसीए वायरने सरळ अ‍ॅम्पला जोडा. आवाज अगदी कमी ठेवून सुरुवात करा. शांत वाजलं तर अ‍ॅम्प निर्दोष आहे.

अर्थिंग बघताना या गोष्टी तपासा. अ‍ॅम्पची काळी वायर जिथे बॉडीला लावलीय तिथला रंग खरवडलेला आहे का? रंग वीज नेत नाही. पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, वायरीला गोल थिंबल नीट दाबून बसवा, दातेरी वायसर टाकून बोल्ट घट्ट करा आणि वरून ग्रीस लावा. वायर शक्यतो अर्ध्या मीटरपेक्षा छोटी, आणि पॉवरच्या वायरीइतकीच जाड. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि लगेच पावसाळ्याची ओल येते. उन्हात रबर कडक होतं, चिरतं, मग पाणी आत शिरून जोड गंजतात. उन्हाळ्यात नीट वाजणारी सिस्टिम पावसाळ्यात शिट्टी मारू लागली तर पहिली नजर इथेच.

सीटबेल्टचा बोल्ट अर्थिंगला वापरू नका, तो जीव वाचवायला आहे. नवीन भोक पाडायचं असेल तर आधी गाडीखाली वाकून बघा. बऱ्याच छोट्या गाड्यांत पेट्रोलची टाकी मागच्या सीटखालीच असते. सीएनजी असेल तर पाइप कुठून गेलाय तेही बघा.

मग वायरींचा रस्ता. बॅटरीची जाड वायर गाडीच्या एका बाजूने आणि आरसीए दुसऱ्या बाजूने न्यावी. दोघी शेजारी-शेजारी, एकाच टेपमध्ये गुंडाळलेल्या असतील तर एकीचा आवाज दुसरीत जातो. कुठे ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. बॅटरीपासून निघालेल्या जाड वायरीला बॅटरीजवळच, साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत, फ्यूज आहे का? नसेल तर शिट्टीचं सोडा, आधी हे करा. ती वायर पत्र्याच्या भोकावर घासून सोलली आणि बॉडीला चिकटली तर बॅटरी सगळा जोर त्या वायरीत ओतते. वायर लाल होते आणि गाडी पेटते. शिट्टीने नुसतं डोकं दुखतं. बिनफ्यूजची वायर अख्खी गाडी घेऊन जाऊ शकते, आणि आत माणसं असतात.

रेडिओचा खरखराट वेगळा

फक्त रेडिओवर आवाज येत असेल तर अँटेनाची पिन काढून बघा. आवाज गेला म्हणजे तो हवेतून, अँटेनामार्गे येतोय. स्वस्तातला यूएसबी चार्जर, डॅशकॅम किंवा बाहेरून टाकलेले एलईडी हेडलाइट हे नेहमीचे संशयित. यांच्या आतलं सर्किट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतं आणि स्वतःच छोटं रेडिओ स्टेशन बनतं. एकेक बंद करून ऐका.

मिडियम वेव्ह तर याहून हळवी. आकाशवाणी नागपूर ५८५ किलोहर्ट्झवर लागतं. तिथे आवाज लहरींच्या उंचीत भरलेला असतो आणि ठिणगीही नेमकी उंचीच बिघडवते. एफएममध्ये आवाज लहरींच्या फ्रिक्वेन्सीत असतो, म्हणून ते त्यामानाने शांत. सेवाग्राम किंवा वर्धा स्टेशनजवळ रेल्वेच्या विजेच्या तारांपाशी मिडियम वेव्ह करकरली तर गाडी उघडू नका. थोडं पुढे गेलात की आवाज मागे राहील.

या हळवेपणाचा उपयोगही करता येतो. घरात सेलवर चालणारा जुना ट्रान्झिस्टर असेल तर तो मिडियम वेव्हवर, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावा. इंजिन चालू ठेवून बॉनेटजवळ, डॅशबोर्डजवळ, चार्जरजवळ फिरवा. जिथे सगळ्यात जोरात करकरेल, उगम तिथेच. पंखा आणि पट्ट्यापासून हात, ओढणी, गळ्यातला गमछा लांब ठेवा. टिक-टिक प्लगकडून येत असेल तर प्लगचा नंबर बघा. एनजीकेच्या नंबरात मधे "आर" असतो, म्हणजे आत रेसिस्टर आहे, तो ठिणगीचा रेडिओवरचा त्रास दाबतो. कंपनीने सांगितलेलाच प्लग टाका.

मग अल्टरनेटर कधी बदलायचा?

साध्या मल्टिमीटरने कळतं. इंजिन बंद ठेवून थोड्या वेळाने बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसावेत. इंजिन चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ च्या आसपास. काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे आकडा हलतो, घाबरू नका. मग मीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याच दोन टोकांवर लावा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. ०.५ च्या वर गेला तर डायोडवर संशय घ्यायला जागा आहे. मात्र काही स्वस्त मीटर एसीवर डीसीही मोजतात. त्यामुळे इंजिन बंद असतानाही मोठा आकडा दाखवत असेल तर त्या मीटरवर विसंबू नका.

आणि या चार गोष्टी कोणी कितीही खात्रीने सांगितल्या तरी करू नका.

एक, चालू इंजिनात बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर "चेक" करणं. जुन्या गाड्यांत चालून जायचं. आजच्या गाडीत त्या क्षणी व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीएम, स्टिरिओ, सेन्सर जळू शकतात.

दोन, शिट्टी घालवायला अ‍ॅम्पचं अर्थिंगच काढून टाकणं. मग तो सगळा करंट आरसीएच्या बारीक वायरीतून परतीची वाट शोधतो आणि स्टिरिओचं आउटपुट जाळतो.

तीन, स्पीकरची एक वायर बॉडीला लावणं. आजच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन वायरींपैकी एकही बॉडीला लागता कामा नये.

चार, फ्यूज सारखा उडतो म्हणून मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा टाकणं. फ्यूज उडतोय म्हणजे तो त्याचं काम करतोय.

आपल्या श्रोत्याचं काय झालं?

त्याला मी हेच चार प्रश्न पाठवले. त्याने संध्याकाळी उत्तर पाठवलं: इंजिन चालू असतानाच येते, व्हॉल्यूमबरोबर वाढते, ब्लूटूथवर येत नाही, चार्जर काढला की जाते. चारही उत्तरं एकाच जागी बोट दाखवतात, बरोबर? ऑक्स आणि चार्जरचा गोल. बॅटरीवर मीटर लावून घेतला, चार्जिंग व्यवस्थित. अल्टरनेटर जिथल्या तिथे आहे. आता तो ब्लूटूथवर गाणी लावतो.

पण तपासताना दुसरी गोष्ट सापडली. आधीच्या मालकाने कधीतरी डिक्कीत अ‍ॅम्प बसवून नंतर काढला होता. बॅटरीपासून मागपर्यंत जाड लाल वायर तशीच पडलेली होती, बिनफ्यूजची, टोकाला नुसती टेप. ती त्याने बॅटरीपासूनच काढून घेतली. सेकंडहँड गाडी घेतलेल्या सगळ्यांनी आजच बॉनेट उघडून बॅटरीच्या प्लसवर किती वायरी आहेत ते बघा. एखादी जास्तीची असेल तर ती कुठे जाते ते शोधा.

आणि मेकॅनिकदादाकडे जाल तेव्हा "स्टिरिओ आवाज करतो" एवढंच सांगू नका. असं सांगा: "इंजिन चालू असतानाच येतो, व्हॉल्यूमने बदलत नाही, आरसीए काढला तरी येतो." एवढं ऐकलं की चांगला कारागीर सरळ अर्थिंगकडे हात घालतो. त्याचा वेळ वाचतो, तुमचे पैसे वाचतात.

तुमच्या गाडीचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. सोबत गाडी पेट्रोल की डिझेल, आणि चार प्रश्नांची चार उत्तरं. पुढच्या भागात त्यातले काही वाजवून, मिळून शोधू. भेटू या!